ने चू की नेचू: क्रोएशियन प्रमाणलेखनातल्या एका रिकाम्या जागेचे प्रकरण

क्रोएशियन भाषेत 'मी येणार नाही' हे दोन शब्दांत सांगून होते: 'नेचू दोची'. यातला पहिला शब्द अखंड लिहायचा की 'ने' आणि 'चू' यांच्यामध्ये जागा सोडायची, हा प्रश्न राजधानी झाग्रेबमध्ये मंत्रालयापर्यंत गेला. त्यासाठी परिषद नेमली गेली, ती मोडलीही गेली, आणि प्रत्येक मोठ्या नियमपुस्तकाला त्यावर बाजू घ्यावी लागली. २००५ नंतर अशी स्थिती होती की विद्यार्थ्याच्या शालेय शुद्धलेखनाच्या पुस्तकात 'ने चू' असायचे आणि घरी येणाऱ्या वर्तमानपत्रात 'नेचू'. दोन्ही क्रोएशियनच, दोन्ही सुशिक्षितांनी लिहिलेली.

या प्रकरणात अशा तीन जोड्या आहेत. पहिली ही रिकाम्या जागेची. दुसरी 'स्त्रेलित्सा' की 'स्त्र्येलित्सा' (छोटा बाण), म्हणजे र नंतर 'य' लिहायचा की नाही. तिसरी 'झादात्सी' की 'झादात्त्सी' (कामे, गृहपाठातले प्रश्न), म्हणजे न उच्चारला जाणारा 'त' कागदावर ठेवायचा की नाही. तिन्हींमध्ये अर्थ बदलत नाही. पहिल्या आणि तिसऱ्या जोडीत उच्चारही बदलत नाही. तरीही वीस-पंचवीस वर्षे यावर भांडण चालले, कारण ते मुळात नियमापेक्षा नियम ठरवण्याच्या अधिकाराबद्दल होते. आमच्या मते हे प्रकरण समजून घेण्याची किल्ली तीच आहे. मात्र नियम बाजूला ठेवून नुसते राजकारण सांगितले तर निम्मे प्रकरण हातातून निसटते, कारण तिन्ही ठिकाणी भाषेतला खरा पेच आहे.

उच्चारांबद्दल एक सूचना. क्रोएशियन लिपी लॅटिन, ३० अक्षरांची. त्यातल्या 'त्स' या एकाच अक्षराचा उच्चार मराठीतल्या 'चोर', 'चाक' यांच्या च सारखा आहे. 'नेचू' मधला च मात्र 'चहा'तला, थोडा मऊ. 'झाग्रेब' आणि 'झादाताक' यांतला झ 'झाड'मधल्या झ च्या जवळचा. मराठीत एकाच च मध्ये दोन उच्चार मावतात. क्रोएशियनमध्ये च-वर्गाची तीन वेगळी अक्षरे आहेत: एक 'चोर'चे आणि दोन 'चहा'ची, एक टणक व एक मऊ. ही चिन्हे बऱ्याच अंशी भाषासुधारक लुदेवित गाय यांच्यामुळे आली. १८३० मध्ये बुडा येथे छापलेल्या छोट्या पुस्तिकेत त्यांनी चेक भाषेच्या धर्तीवर अक्षरांवर खूण करण्याची पद्धत सुचवली होती.

आधी काय घडले होते

क्रोएशियन बोलींची नावे 'काय' या प्रश्नार्थक शब्दावरून पडली आहेत. जिथे 'श्टो' म्हणतात ती श्टोकावियन, जिथे 'चा' म्हणतात ती चाकावियन, आणि झाग्रेब परिसरातली कायकावियन. तिथे 'काय'ला 'काय'च म्हणतात. मराठी वाचकाला हा शब्द ऐकून घरच्यासारखे वाटावे. प्रमाणभाषा उभी राहिली ती मात्र श्टोकावियनवर. १८३० च्या दशकात गाय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झाग्रेबमध्ये बसून स्वतःच्या परिसराची बोली बाजूला ठेवली, कारण श्टोकावियनचा विस्तार मोठा होता आणि दुब्रोवनिकच्या जुन्या साहित्याचा आधार तिला होता. १८५० मध्ये व्हिएन्नात आठ लेखक-विद्वानांनी एका समान साहित्यभाषेच्या मसुद्यावर सह्या केल्या. त्यांत सर्बियन वूक कराजिच आणि जुरो दानिचिच होते, क्रोएशियन इवान माझुरानिच, दिमित्रिया देमेतेर वगैरे होते, आणि स्लोव्हेन फ्रान्त्स मिक्लोशिच होते.

त्यानंतर काही दशके दोन विचार समोरासमोर होते. झाग्रेबची शाळा शब्दाचे मूळ दिसावे या मताची होती. कराजिचच्या अनुयायांचे म्हणणे होते की जसे बोलतो तसे लिहावे. शतकाच्या अखेरीस दुसऱ्यांची सरशी झाली. १८९२ मध्ये इवान ब्रोझ यांचे शुद्धलेखनाचे पुस्तक आले, १८९९ मध्ये तोमो मारेतिच यांचे व्याकरण आणि १९०१ मध्ये ब्रोझ व इवेकोविच यांचा शब्दकोश. या तिन्हींनी उच्चारानुसारी लेखन पक्के केले. मराठीत कांहीं, नाहीं यांवरचे न उच्चारले जाणारे अनुस्वार १९६२ च्या नियमांनी गेले, तेव्हा जो वाद झाला तो याच जातीचा: शब्दाचा इतिहास कागदावर ठेवायचा की जिभेवर जे आहे ते लिहायचे.

पण क्रोएशियनमध्ये उच्चाराचा नियमही पूर्ण कधीच चालला नाही, आणि पुढचे वाद याच फटीतून शिरले. 'व्राबात्स' (चिमणी) चे षष्ठीचे रूप 'व्राप्त्सा' होते. ब चा प ऐकू येतो म्हणून प लिहितात. पण 'प्रेदस्येदनिक' (अध्यक्ष) मध्ये द कायम राहतो, जरी उच्चारात तो त कडे झुकतो. 'ग्रादस्की' (शहराचा) मध्येही द राहतो. म्हणजे कुठे कान, कुठे मूळ.

विसाव्या शतकात प्रत्येक राजवटीने या फटीत हात घातला. १९४१ मध्ये नाझींच्या आश्रयाने उभ्या राहिलेल्या क्रोएशियन राज्याने मूळानुसारी लेखन सक्तीचे केले. १९४५ मध्ये ते संपले आणि क्रोएशिया कम्युनिस्ट युगोस्लाव्हियाचा भाग झाला. १९५४ च्या डिसेंबरात सर्बियातल्या नोवी साद येथे करार झाला की सर्बियन आणि क्रोएशियन यांची भाषा एक आहे, तिचे एकच शुद्धलेखन असावे. ते १९६० मध्ये दोन आवृत्त्यांत निघाले. एक झाग्रेबची लॅटिनमध्ये, दुसरी नोवी सादची सिरिलिकमध्ये. १९६७ मध्ये संयुक्त शब्दकोशाचे पहिले दोन खंड आले आणि क्रोएशियन अभ्यासकांनी त्यावर कडक टीका केली. आपले नेहमीचे शब्द त्यात दुय्यम ठरवले गेल्याची तक्रार होती. त्याच वर्षी १७ मार्चला 'टेलिग्राम' या साप्ताहिकात क्रोएशियन भाषेच्या नावाबद्दल आणि दर्जाबद्दलचे घोषणापत्र छापून आले. त्यावर १८ संस्थांच्या सह्या होत्या. सह्या करणाऱ्यांत लेखक मिरोस्लाव क्रलेझा होते, आणि त्यांना कम्युनिस्ट पक्षाच्या मध्यवर्ती समितीतून बाहेर पडावे लागले.

मग १९७१. 'मातित्सा हर्वात्स्का' या जुन्या सांस्कृतिक संस्थेने नोवी साद करार मोडला. स्त्येपान बाबिच, बोझिदार फिंका आणि मिलान मोगुश यांनी 'हर्वात्स्की प्रावोपिस', म्हणजे 'क्रोएशियन शुद्धलेखन', तयार केले. नावात 'सर्बियन' हा शब्द नव्हता, आणि खटकण्यासाठी तेवढे पुरेसे होते. पुस्तक छापून तयार झाले होते. ४०,००० प्रतींचा आकडा सगळीकडे दिला जातो. डिसेंबरात राजकीय वारे फिरले, क्रोएशियन नेतृत्व हटवले गेले आणि प्रती नष्ट करण्यात आल्या. अंतर्गत वापरासाठी म्हणून ठेवलेल्या थोड्या क्रमांकित प्रतींपैकी एक लंडनला पोहोचली. तिथल्या स्थलांतरितांच्या 'नोवा हर्वात्स्का' या नियतकालिकाने १९७२ मध्ये ती जशीच्या तशी छापली. म्हणून आजही त्या पुस्तकाला लोक 'लोंदोनात्स', लंडनवाला, म्हणतात. १९९० मध्ये ते झाग्रेबमध्ये उघडपणे छापले गेले.

हा इतिहास इतका सांगितला कारण १९९० नंतरच्या वादातला प्रत्येक शब्द याच ओझ्याखाली होता. 'ने चू' लिहिणाऱ्याला विरोधक म्हणत की हे १९४१ चे लेखन आहे. समर्थक म्हणत की ते त्याआधीच्या क्रोएशियन पुस्तकांतही होते आणि 'नेचू' सर्वत्र झाले ते १९६० च्या लादलेल्या पुस्तकामुळे. दोन्ही विधाने खरी आहेत. त्यामुळेच केवळ इतिहास उगाळून हा प्रश्न सुटणे शक्य नव्हते.

तीन जोड्या जवळून

'नेचू' घेऊ. 'इच्छिणे' या अर्थाच्या क्रियापदाची छोटी, आघात नसलेली रूपे भविष्यकाळासाठी वापरतात: चू, चेश, चे, चेमो, चेते, चे. नकार देताना त्यांच्या आधी 'ने' लागतो आणि सहा रूपे तयार होतात. क्रोएशियनमध्ये नकाराचा 'ने' साधारणपणे सुटा लिहितात: 'ने झ्नाम' (मला माहीत नाही), 'ने बिह' (मी केले नसते). पण दोन क्रियापदांत तो मिसळून गेला आहे: 'नेमाम' (माझ्याकडे नाही) आणि 'निसाम' (मी नाही). मराठी वाचकाला ही विभागणी ओळखीची आहे. आपण 'न करता' सुटे लिहितो, पण 'नसतो' मध्ये न आणि असतो इतके एकजीव झाले आहेत की 'न असतो' असे कोणी लिहीत नाही.

आता 'नेचू' कोणत्या डब्यात टाकायचे? सुटे लिहिणारे म्हणतात, 'ने' आणि 'चू' दोन्ही तुकडे जसेच्या तसे दिसतात, काहीही वितळलेले नाही, मग 'ने बिह'सारखेच लिहा. जोडून लिहिणारे म्हणतात, हे 'ने होचू' चे आकसलेले रूप आहे, म्हणून ते 'नेमाम'च्या जातीचे. आघाताचा पुरावाही दिला जातो की 'नेचू' एका आघातात बोलले जाते. पण तो पुरावा टिकत नाही. प्रमाण उच्चारात 'ने झ्नाम' मध्येही आघात 'ने' वरच येतो आणि तरी ते सर्वजण सुटे लिहितात. खरे सांगायचे तर व्याकरण इथे निकाल देत नाही. उरते ती सवय, आणि १९६० नंतर शिकलेल्या दोन-तीन पिढ्यांची सवय 'नेचू'ची होती.

दुसऱ्या जोडीत ध्वनीचा प्रश्न आहे आणि आम्हांला तीच सर्वांत रंजक वाटते. जुन्या स्लाव भाषेत 'यात' नावाचा एक स्वर होता. तो प्रदेशाप्रमाणे वेगवेगळा बदलला. बर्फाला कुठे 'स्नेग', कुठे 'स्निग', आणि क्रोएशियन प्रमाणभाषेत 'स्नियेग'. प्रमाणभाषेत तो दीर्घ असेल तर 'इये' आणि ऱ्हस्व झाला तर 'ये' होतो: 'लियेप' (सुंदर) पण 'ल्येपोता' (सौंदर्य), 'दियेते' (मूल) पण 'द्येत्सा' (मुले), 'रियेका' (नदी) पण 'र्‍येचित्सा' (ओढा). नियम सरळ आहे. अडचण येते ती र च्या आधी त्याच शब्दघटकात आणखी एक व्यंजन असेल तेव्हा. 'स्त्रियेला' (बाण) पासून छोटा बाण करताना नियमाने 'स्त्र्येलित्सा' व्हावे, पण स, त, र, य असे चार आवाज लागोपाठ येतात आणि बहुतेक बोलणारे य गिळतात. म्हणून मारेतिचच्या काळापासून 'स्त्रेलित्सा' रूढ झाले. तसेच 'ब्रियेग' (टेकडी) चे 'ब्रेगोवी' आणि 'पोग्रियेशिती' (चुकणे) चे 'पोग्रेश्का' (चूक).

य परत आणणाऱ्यांचा मुद्दा असा की 'पोग्र्येश्का' लिहिले म्हणजे शब्दाचे कूळ दिसते आणि ल्येपोता, द्येत्सा यांच्याशी नियम एकसारखा राहतो. इथे अडसर येतो 'व्रियेमे' (काळ) या शब्दाचा. त्याचे अनेकवचन 'व्रेमेना' आहे, तिथेही र च्या आधी व आहे, पण 'व्र्येमेना' लिहा असे य चे समर्थकही म्हणत नाहीत. म्हणजे नियम एकसारखा करायला निघालेला नियमही अपवादांची यादी घेऊनच येतो. आणि या जोडीत, इतर दोन जोड्यांसारखे न होता, लेखन बदलले की शाळेत वाचताना उच्चारही बदलतो. शिक्षक मुलाला कोणता उच्चार शिकवणार? हा प्रश्न शुद्धलेखनाच्या पुस्तकाने परस्पर ठरवला, आणि तो उच्चारशास्त्राच्या टेबलावर यायला हवा होता.

तिसरी जोडी दिसायला किचकट, पण तिचा आवाका फार थोडा आहे. 'झादाताक' या पुल्लिंगी नामाची रूपे पाहा. षष्ठी एकवचन 'झादात्का', द्वितीया अनेकवचन 'झादात्के', षष्ठी अनेकवचन 'झादाताका': या सर्वांत त आहे आणि कोणाचाही वाद नाही. वाद उठतो तो ज्या रूपांत क चा त्स होतो तिथे, म्हणजे प्रथमा अनेकवचनात आणि अनेकवचनाच्या 'झादात्सिमा' या रूपात, जे तीन विभक्तींना सामाईक आहे. तिथे त च्या पुढे त्स येतो. त्स मध्ये त आधीच आहे, म्हणून कानाला दुसरा त ऐकू येत नाही. उच्चारवादी तो गाळतात. मूळवादी म्हणतात, सगळ्या रूपमालेत त आहे, दोनच ठिकाणी तो नाहीसा करून शिकणाऱ्याला का गोंधळवायचे? 'पोचेताक' (सुरुवात), 'त्रेनुताक' (क्षण), 'दोदाताक' (पुरवणी) असे नेहमीचे डझनावारी शब्द याच साच्यातले आहेत. तिन्ही जोड्यांत मूळवाद्यांची बाजू आम्हांला इथे सर्वांत भक्कम वाटते, कारण त ठेवल्याने उच्चार बिघडत नाही आणि रूपमाला अखंड दिसते.

एका देशात चार पुस्तके

१९९० च्या दशकात बाबिच-फिंका-मोगुश यांच्या नव्या आवृत्त्या मूळ दाखवणाऱ्या रूपांकडे झुकत गेल्या. २००१ मध्ये व्लादिमिर आनिच आणि योसिप सिलिच यांचे पुस्तक आले. २००५ मध्ये बाबिच, सांदा हाम आणि मोगुश यांचे शालेय शुद्धलेखन आले. २००७ मध्ये मातित्सा हर्वात्स्काने लादा बादुरिना, इवान मार्कोविच आणि क्रेशिमिर मिचानोविच यांचे वेगळे पुस्तक काढले, ज्याचा कल रूळलेल्या रूपांकडे होता. २०२१ च्या जनगणनेत क्रोएशियाची लोकसंख्या ३९ लाखांच्या आत भरली. एवढ्याशा देशात चार नियमपुस्तके एकाच वेळी टेबलावर होती, आणि प्रत्येकामागे प्रतिष्ठित नावे होती.

२००५ मध्ये मंत्री द्रागान प्रिमोरात्स यांनी प्रमाणभाषेच्या निकषांसाठी एक परिषद नेमली. अध्यक्ष होते रादोस्लाव कातिचिच. स्लाव भाषांचे आणि भारतविद्येचेही ते मोठे अभ्यासक. त्यांच्या विद्वत्तेबद्दल कोणाच्या मनात शंका नव्हती. परिषदेने 'ने चू' सुटे लिहावे असा निर्णय दिला. शालेय शुद्धलेखनाने मुखपृष्ठावरच सांगितले की हे पुस्तक परिषदेच्या निष्कर्षांशी जुळवलेले आहे. तरीही वर्तमानपत्रे आणि बहुतेक प्रकाशक जागचे हलले नाहीत. मे २०१२ मध्ये नवे मंत्री झेल्को योवानोविच यांनी परिषद बरखास्त केली.

परिषद का अपुरी पडली? आमच्या मते दोन कारणे आहेत. चर्चा बंद दाराआड झाली. बैठकांची सविस्तर इतिवृत्ते 'येझिक' या नियतकालिकात सर्वांपुढे आली ती २०१३ मध्ये, परिषद संपल्यावर. लेखकाला, शिक्षकाला, मुद्रितशोधकाला फक्त निकाल कळला, युक्तिवाद कळला नाही. आणि निर्णय एका रूपाच्या बाजूने लागला तेव्हा दुसरे रूप चूक ठरले. आयुष्यभर 'नेचू' लिहिलेल्या माणसाला एका सकाळी अशुद्ध ठरवले की तो नियम शिकत नाही, तो नियम करणाऱ्यावर रागावतो.

२०१३ चा मार्ग

झाग्रेबच्या क्रोएशियन भाषा व भाषाशास्त्र संस्थेने झेल्को योझिच यांच्या नेतृत्वाखाली नवे शुद्धलेखन लिहायला घेतले. वेळही तशी होती: १ जुलै २०१३ रोजी क्रोएशिया युरोपीय संघात आला आणि क्रोएशियन ही संघाची २४ वी अधिकृत भाषा झाली. अनुवादकांच्या मोठ्या तुकड्या रोज कायदे भाषांतरित करत असताना चार पुस्तके चालणार नव्हती.

संस्थेने काम उलट्या टोकाने धरले. २०१३ च्या वसंत ऋतूत मसुदा संकेतस्थळावर टाकला आणि कोणीही सूचना पाठवाव्यात असे आवाहन केले. सूचना पाहून मजकूर दुरुस्त झाला. जुलैअखेरीस मंत्रालयाने ते शाळांसाठी शिफारस केले. छापील पुस्तक निघाले, पण सगळा मजकूर संकेतस्थळावर फुकट ठेवला गेला, नियमांच्या विभागासह आणि शोधता येणाऱ्या शब्दसूचीसह. आधीची पुस्तके विकत घ्यावी लागत. आता शंका आली की फोनवर पाहता येते. या एका गोष्टीने जितके काम केले तितके कुठल्या युक्तिवादाने केले नसेल.

वादाच्या जोड्यांत संस्थेने कोणालाच बाद केले नाही, पण दोन्ही रूपांना समानही ठेवले नाही. एक पहिले, म्हणजे शिफारस केलेले, दुसरे चालणारे. 'नेचू' पहिले, 'ने चू' चालेल. 'स्त्रेलित्सा' पहिले, 'स्त्र्येलित्सा' चालेल. 'झादात्त्सी' मात्र पहिले आणि 'झादात्सी' चालेल. बारकाईने पाहिले तर दोन ठिकाणी रूढीला आणि एका ठिकाणी मूळाला झुकते माप आहे. कोणताच गट पूर्ण जिंकला नाही, कोणताच पूर्ण हरला नाही. यावर टीका झाली की हा नियम नसून तडजोड आहे. टीका रास्त आहे, पण भाषिक पुरावा जिथे निर्णायक नाही तिथे एक रूप पुढे करून दुसऱ्याला जगू देणे हेच प्रामाणिक उत्तर होते.

किंमत मोजावी लागली ती हस्तलिखित हाताळणाऱ्यांना. जोड्या मान्य झाल्या की एकाच पुस्तकात तिसऱ्या पानावर 'पोग्रेश्का' आणि तिसाव्या पानावर 'पोग्र्येश्का' येते, आणि एकटे घेतले तर दोन्ही बरोबर असतात.

जानेवारी २०२४ मध्ये संसदेने क्रोएशियन भाषेचा कायदा मंजूर केला. त्यातून पुन्हा एक भाषा परिषद आणि भाषाधोरणाची राष्ट्रीय योजना आली. सरकारी आणि सार्वजनिक वापरात प्रमाणभाषा हवी असे तो म्हणतो. 'नेचू'च्या जागेचा निकाल तो लावत नाही, आणि ते बरेच आहे.

हस्तलिखित हातात आल्यावर

क्रोएशियन मजकुरावर काम करणाऱ्या भाषासंपादकाने, त्याला तिथे 'लेक्तोर' म्हणतात, पहिला प्रश्न प्रकाशकाला विचारायचा तो हा: कोणते शुद्धलेखन? 'क्रोएशियन शुद्धलेखन' हे उत्तर पुरेसे नाही, कारण निदान तीन पुस्तकांचे नाव तेच आहे. संस्था आणि वर्ष लिहून घ्यावे. मग तिन्ही जोड्यांपैकी कोणते रूप ठेवायचे हे एका कागदावर नोंदवावे. पहिली रूपे सरसकट घेणे सोपे, पण काही लेखक 'ने चू' जाणीवपूर्वक लिहितात. ते चालणारे रूप आहे. त्यांची इच्छा डावलू नये, फक्त पुस्तकभर एकसारखे ठेवावे.

मग येतो 'शोधा आणि बदला'चा सापळा. 'ने चे' शोधून 'नेचे' करायला निघाले तर 'झेने चे' (स्त्रिया करतील) यातला शेवटचा 'ने' पकडला जातो आणि 'झेनेचे' असा अस्तित्वात नसलेला शब्द तयार होतो. 'ओने चे' (त्या करतील) चे तेच होते. म्हणून 'ने' हा संपूर्ण शब्द असेल तेव्हाच बदल होईल अशी अट घालावी लागते. उलट दिशेने, जोडलेले सुटे करताना, 'नेच' ने सुरू होणारे सर्व शब्द फोडले तर 'नेचाक', म्हणजे भाचा किंवा पुतण्या, 'ने चाक' होऊन बसतो. इथे सहा रूपांची यादी देऊन नेमकी तेवढीच बदलावीत.

'झादात्सी' च्या जोडीत शब्दाच्या शेवटच्या 'आत्सी' वर काम करू नये. 'युनाक' (वीर) चे अनेकवचन 'युनात्सी' आहे, त्यात त कधीच नव्हता. यांत्रिक बदल तिथे नसलेला त घुसवतो. आधी एकवचन तपासायचे: शेवट 'ताक' असेल तरच त चा प्रश्न उद्भवतो. 'पोग्रेश्का' शोधताना आणखी एक खाच आहे. या शब्दाच्या चतुर्थी आणि सप्तमी एकवचनात क चा त्स होऊन 'पोग्रेश्त्सी' होते. 'पोग्रेश्क' एवढेच शोधले तर ही रूपे निसटतात आणि छापल्यावर सापडतात. य च्या जोडीसाठी कुठलाही सामान्य नमुना चालत नाही; 'रे' असलेले शब्द हजारो आहेत आणि 'व्रेमेना'ला हात लागता कामा नये. शब्दसूचीच करावी लागते.

'ने चू' सुटे ठेवले असेल तर त्या जागेवर न तुटणारी मोकळी जागा टाकावी. नाहीतर ओळ नेमकी तिथे मोडते आणि आघात नसलेला 'चू' पुढच्या ओळीच्या डोक्यावर एकटा बसतो. १९९४ पासून चालत आलेला 'हॅशेक' हा क्रोएशियन शब्दतपासक चुकलेली अक्षरे पकडायला उत्तम आहे, पण दोन मान्य रूपांतली विसंगती ओळखण्याचे काम माणसाचेच आहे.

शब्दसंग्रहांतून आकडे काढणाऱ्यांनीही जपावे. एक अब्जाहून अधिक शब्दांच्या वेब-संग्रहात 'नेचू' एक घटक मोजला जातो आणि 'ने चू' दोन. नुसता 'चू' मोजला तर सुटे लिहिणाऱ्यांचे नकार होकारांच्या ढिगात जातात आणि भविष्यकाळाचा हिशेबच चुकतो.

मराठी किंवा भारतीय मजकूर क्रोएशियनमध्ये नेणाऱ्यांना विशेषनामांचा नियम लागतो. परकी नावे विभक्ती घेतात, आणि 'इ' ने संपणाऱ्या नावात प्रत्ययाआधी य येतो. जसे वेर्दीचे 'वेर्दिया', तसे मुंबईत म्हणजे 'ऊ मुंबाइयू'. हा य विसरला की तिथला वाचक लगेच अडखळतो.

अवतरणांना मात्र हात लावू नये. १९०० च्या कवितेत 'ने चू' असेल तर ते तसेच राहते, १९७५ च्या कादंबरीच्या उताऱ्यात 'झादात्सी' असेल तर तेही. संस्थांची नावे, पुस्तकांची शीर्षके, कायद्यांचे मूळ मजकूर यांच्यावर हस्तलिखिताचा कागद लागू होत नाही, आणि बदल चालवण्याआधी ही ठिकाणे खूण करून बाजूला ठेवावी लागतात.